आमच्या बाळाचं ऑपरेशन आम्ही का केलं नाही

माझं मूल इंटरसेक्स आहे, म्हणजे त्याचं शरीर जन्मतःच मुलगा किंवा मुलगी या ठरलेल्या चौकटीत पुरतं बसत नाही. आम्ही फिलिपिन्समध्ये राहतो, मनिलाच्या दक्षिणेला लगुना प्रांतात, लॉस बान्योसला. मी मूळची चिपळूणची. दापोलीला शेतकी शिकले, पुढे इथल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत कामाला आले आणि इथल्याच माणसाशी लग्न केलं. बाळ जन्मल्यापासून शाळेत जाईपर्यंत दवाखाना, नोंदणी कार्यालय, वकील आणि दोन्हीकडची माणसं या सगळ्यातून आम्ही कसे गेलो, ते लिहिते आहे. मराठीत कुणा आईबापाने असं लिहिलेलं मला तेव्हा सापडलं नाही आणि तेव्हा त्याची फार गरज होती.

लेकराच्या शरीराबद्दल मी गरजेपुरतंच सांगणार आहे. आज ते स्वतःला काय मानतं, हेही लिहिणार नाही. त्यामागचं कारण पुढे येईल.

२०१८ च्या अखेरीस बाळ झालं. डॉक्टरांनी ते माझ्या अंगावर ठेवलं, वजन सांगितलं, पण मुलगा की मुलगी ते कुणी बोलेना. बाहेर नवऱ्याच्या मावश्या आणि आत्या जमल्या होत्या. ‘लालाकी बा ओ बाबाए?’, मुलगा की मुलगी, हा एकच प्रश्न. नवऱ्याने सांगितलं, ‘बाळ ठणठणीत आहे.’ त्याला तेवढंच सुचलं, आणि मला वाटतं तेच उत्तर बरोबर होतं.

ठणठणीत मात्र ते नव्हतं. फिलिपिन्समध्ये नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी होते. १९९६ पासून ही पद्धत सुरू झाली आणि २००४ साली तिचा कायदा झाला. ज्या मोजक्या आजारांपासून तिची सुरुवात झाली, त्यांत कॉन्जेनिटल ॲड्रिनल हायपरप्लेझिया, म्हणजे सीएएच, हा एक होता. आमच्या बाळाला तोच निघाला. यात मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसोल हे शरीराला अत्यावश्यक हार्मोन नीट बनवता येत नाही, आणि त्याच्या जागी पुरुषी हार्मोन जास्त तयार होतात. पोटातल्या बाळाचे क्रोमोसोम एक्सएक्स, म्हणजे सहसा मुलींचे असतात तसे, असले तर बाहेरच्या अवयवांची घडण नेहमीच्या मुलींसारखी होत नाही. पण त्याहून मोठा धोका मिठाचा. शरीरातलं मीठ लघवीवाटे निघून जातं आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बाळ हातचं जाऊ शकतं. आमचं बाळ दूध ओढेनासं झालं होतं, ओकत होतं. तपासणी केंद्राचा निरोप आला त्याच रात्री आम्ही त्याला दाखल केलं. ती तपासणी झाली नसती तर आज मी हे लिहीत नसते.

त्या वॉर्डात मला भेटलेल्या हार्मोनच्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन ही औषधं आणि मीठ, यांना थांबता येत नाही, यांच्यावर बाळाचा जीव आहे. अवयव दिसतात कसे, हा प्रश्न थांबू शकतो. त्यासाठी आज काही करावं लागत नाही.

पुढचे महिने औषधांतच गेले. हायड्रोकॉर्टिसोनची गोळी दहा मिलिग्रॅमची आणि बाळाला लागायची तिची पाव. धारदार पात्याने ती चार भागांत कापायची, त्यातला एक चमच्यात चुरायचा, थेंबभर पाण्यात कालवून गालाच्या आत सोडायचा. दिवसातून तीन वेळा. तुकडे सारखे पडायचे नाहीत. मी पांढऱ्या बशीवर ते पुन्हा पुन्हा मांडून बघायचे. फ्लुड्रोकॉर्टिसोन आमच्या भागात कुठे मिळेना. माझ्या भावाने मुंबईहून येणाऱ्या माणसाबरोबर पाठवलं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. ताप आला की डोस दुप्पट-तिप्पट, ओकारी थांबत नसेल तर इंजेक्शन. इथे वादळं येतात, रस्ते तुटतात, वीज जाते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी औषधं, मीठ आणि इंजेक्शन एका डब्यात भरून दाराशी ठेवायचं, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ झालं.

जन्माची नोंद तीस दिवसांत करायची असते. फॉर्मवर लिंगाच्या रकान्यात दोनच पर्याय. क्रोमोसोमचा अहवाल आला, सोनोग्राफीत गर्भाशय दिसलं, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही ‘मुलगी’ लिहिलं. मुदत सरली असती तर उशिरा नोंदणीची प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागलं असतं. खिडकीवरचा कारकून भला माणूस होता. म्हणाला, पुढे बदलायचं झालं तर साधा अर्ज करा, आता कोर्टात जावं लागत नाही.

वकिलांनी सांगितलं ते वेगळं होतं. २०१२ च्या कायद्याने लिंगाच्या नोंदीतली चूक कार्यालयातच दुरुस्त करता येते हे खरं, पण ती लिहिण्यातली उघड चूक असली तरच. शिवाय अर्जदाराने लिंगबदलाची शस्त्रक्रिया केलेली नाही, असं सरकारी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. ज्याच्यावर कळत नसल्याच्या वयात शस्त्रक्रिया झाली, त्या माणसाने हे प्रमाणपत्र कुठून आणायचं? इंटरसेक्स माणसाला दार आहे ते कोर्टाचंच. प्रांतिक न्यायालयात अर्ज, वर्तमानपत्रात सलग तीन आठवडे जाहीर नोटीस, आणि सरकारचे सॉलिसिटर जनरल विरोधात उभे राहू शकतात. नोटिशीमुळे अख्ख्या गावाला कळतं, ते वेगळंच.

हे दार उघडलं ते आमच्याच प्रांतातल्या एका माणसाने. जेफ कागांदाहान. जन्म १९८१ चा, त्यांनाही सीएएच, जन्मदाखल्यावर ‘जेनिफर’ आणि ‘स्त्री’. डिसेंबर २००३ मध्ये त्यांनी ‘जेफ’ आणि ‘पुरुष’ अशी नोंद करून मिळावी म्हणून सिनिलोआनच्या न्यायालयात अर्ज केला; नोंद होती पाकिल गावची. जानेवारी २००५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. सरकार अपिलात गेलं. १२ सप्टेंबर २००८ रोजी फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. अर्ज करून पावणेपाच वर्षं झाली होती.

तो निकाल मी बाळाला मांडीवर घेऊन वाचला. न्यायालयाने म्हटलं की जो माणूस निसर्गतःच इंटरसेक्स आहे, तो सज्ञान झाल्यावर सकारण स्वतःला जे मानतो, तेच त्याचं लिंग ठरवताना निर्णायक. त्या शरीरासह जगायचं त्याला आहे, म्हणून त्या शरीराच्या वाढीचं काय करायचं हे पहिल्यांदा त्यानेच ठरवायचं. औषधोपचार घेऊन स्त्री व्हावं अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. माझं सगळं मन त्या ओळींवर ठरलं. हा निकाल नोंदीबद्दल आहे हे मला समजत होतं, पण सज्ञान झाल्यावर ज्याचा शब्द चालणार, त्याचं शरीर मी आज दुसऱ्याच्या हवाली कसं करू?

या निकालातली एक गोष्ट मला आजही टोचते. आदल्याच वर्षी, २००७ मध्ये, त्याच न्यायालयाने एका ट्रान्स स्त्रीची, म्हणजे जन्मदाखल्यावर पुरुष असलेल्या स्त्रीची, नोंद बदलायची मागणी फेटाळली होती. जेफ यांच्या बाबतीत, त्यांनी निसर्गाला आपलं काम करू दिलं, हे त्यांच्या बाजूचं कारण ठरलं. एकाला न्याय देताना दुसऱ्यासाठी दार लावून घ्यायची काही गरज नव्हती.

मनिलातल्या एका मोठ्या रुग्णालयात सर्जननी बाहेरचे अवयव मुलीसारखे दिसावेत म्हणून शस्त्रक्रिया सुचवली. वर्षाच्या आत उरका, म्हणजे मुलाला आठवणार नाही आणि शाळेत कुणी चिडवणार नाही. संमतीचा कागद त्यांनी पुढे केला. मी आधीच प्रश्न लिहून नेले होते. लघवीचा मार्ग अडला आहे का? नाही. वारंवार संसर्ग होतोय का? नाही. थांबलो तर जिवाला धोका? नाही. संवेदना कमी होऊ शकते का? होऊ शकते. मोठं झाल्यावर पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते का? लागू शकते. शेवटचा प्रश्न होता, ज्यांच्यावर त्यांच्या लहानपणी तुम्ही ही शस्त्रक्रिया केली, त्यांतल्या किती जणांना ती मोठी झाल्यावर भेटलात? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, कुणालाच नाही. आम्ही कागद घडी करून घरी आणला.

घरी आणला, फाडला नाही. कारण नकार द्यायला नवऱ्याचं मन होत नव्हतं आणि चिपळूणहून आई रोज रडत फोन करायची. ‘अगं, उद्या लग्नाचं कसं होणार? उरकून टाक, कुणाला कळायचं नाही.’ तिचा जीव तुटत होता, मी तिला दोष देत नाही. पण ‘कुणाला कळायचं नाही’ हेच मला सगळ्यांत घातक वाटायला लागलं होतं. न कळावं म्हणूनच तर शस्त्रक्रिया सुचवत होते. बोलता येत नाही, म्हणून कापायचं.

तेव्हा सासूबाईंनी तोंड उघडलं. त्यांना आम्ही सगळे नानाय म्हणतो. पाकिलची तुरुंबा, म्हणजे तिथली मारियामातेची जत्रा, त्यांनी कधी चुकवली नाही. दुःखी मातेच्या मूर्तीमागे त्या नाचत जातात, गुडघे दुखत असले तरी. त्या आपल्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हणाल्या, ‘पाकिलच्या त्या पोराची बातमी मी टीव्हीवर पाहिली होती. पोर बोललं, म्हणून कोर्टाने ऐकलं. आपलं पोर अजून बोलत नाही. ते बोलेपर्यंत हात लावायचा नाही.’ त्याच आठवड्यात त्यांनी मावश्यांना जेवायला बोलावलं आणि भाताची परात मध्ये ठेवून सरळ सांगितलं: आजार काय, औषध काय, आणि अवयवांबद्दल ज्याला कुजबुजायचं असेल त्याने माझ्या तोंडावर विचारावं. कुणी विचारलं नाही. एक मावशी रडली. दुसरीने बाळाची निनांग, म्हणजे धर्ममाता, व्हायचं कबूल केलं.

एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आला. इंटरसेक्स बाळांवर अशा शस्त्रक्रिया करू नयेत, असं न्यायमूर्ती स्वामीनाथन यांनी सांगितलं, आणि ऑगस्टमध्ये तमिळनाडू सरकारने जिवाला धोका असेल तेवढा अपवाद ठेवून बंदीचा आदेश काढला. तो निकाल मी भावाला पाठवला, त्याने आईला मराठीतून समजावून सांगितला. परदेशी कोर्टाचं तिला पटत नव्हतं, मद्रासचं पटलं. त्यानंतर तिने लग्नाचा विषय काढला नाही. उलट गोळ्या कापायला बारीक कटर पाठवला.

मोठी झालेली इंटरसेक्स माणसं मला पहिल्यांदा भेटली ती मनिलातल्या एका बैठकीत. २०१८ च्या सुरुवातीला बँकॉकला आशियातल्या इंटरसेक्स कार्यकर्त्यांची पहिली परिषद झाली होती, त्यातून इंटरसेक्स एशिया हे जाळं उभं राहिलं, आणि इथेही माणसं एकमेकांना शोधू लागली होती. जेफ कागांदाहानही त्या कामात आहेत. बैठकीत एकेक जण आपली गोष्ट सांगायचा. एकाला आपल्यावर लहानपणी काय केलं गेलं ते जुनी फाइल हाती आल्यावर कळलं. एकीला आयुष्यभर वाटत होतं की जगात अशी ती एकटीच. शाळेतलं स्वच्छतागृह, नोकरीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, पासपोर्टच्या खिडकीवर दाखल्याकडे आणि चेहऱ्याकडे आळीपाळीने बघणारा माणूस, अशा गोष्टी. इथे लैंगिक ओळखीवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचं विधेयक पहिल्यांदा २००० साली मांडलं गेलं. २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहाने एकही विरोधी मत न पडता ते मंजूर केलं, आणि सिनेटमध्ये ते अडकलं. पुढच्या मसुद्यांत लैंगिक वैशिष्ट्यांचा, म्हणजे इंटरसेक्स शरीरांचा, उल्लेख आला तो या माणसांनी बोलून बोलून आणला. त्यांचं बोलणं ऐकल्यावर मला अहवालांची गरज वाटली नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी बाळाचे फोटो काढायला फोन उघडला. शेजारच्या ताईंनी हातावर हात ठेवला. म्हणाल्या, ‘तुमची भीती तुमची आहे, ती हवी तेवढी सांगा. शरीर त्याचं आहे. ते सांगायचं की नाही, ते त्याला ठरवू द्या.’ इथे औषधांच्या खर्चासाठी फेसबुकवर बाळांचे फोटो टाकून मदत मागतात. गरज खरी असते, मी कुणाला नावं ठेवत नाही. पण तो फोटो मूल पंधरा वर्षांचं होईल तेव्हाही तिथेच असतो. त्या दिवसानंतर मी माझीच गोष्ट सांगते, आणि इथेही तेवढीच लिहिली आहे.

लेकराला आम्ही कळायला लागल्यापासून सांगत आलो. आंघोळ घालताना अवयवांची नावं, गोळी देताना ती कशासाठी ते. तुझं शरीर असं आहे, अशी शरीरं असणारी माणसं आहेत, त्यांतल्या काहींना आपण भेटलो आहोत. एकदा त्याने विचारलं, ‘डॉक्टर मला नीट करणार होते का?’ नवऱ्याने सांगितलं, ‘बदलणार होते. तुला विचारल्याशिवाय नको, असं आम्ही म्हटलं.’ ‘बरं केलंत,’ म्हणून ते खेळायला गेलं.

शाळेत घालताना काय सांगायचं हे आम्ही दोघांनी बसून ठरवलं. ॲड्रिनल ग्रंथींचा आजार शिक्षकांना कळलाच पाहिजे: ओकारी झाली, ग्लानी आली तर वाट बघायची नाही, इंजेक्शन द्यायचं आणि आम्हाला फोन करायचा. बाकीचं शाळेला लागत नाही. डॉक्टरांच्या पत्रात तेवढंच आहे. इंजेक्शनचा एक डबा शाळेच्या नर्सबाईंच्या कपाटात असतो, आणि दर वर्षी शाळा सुरू होताना त्यावरची मुदत बघून मी तो बदलून देते.