मामांची रील

रत्नागिरीच्या बंदरावर नोकरी करून गावी परतलेल्या मामांनी दिलेली पेन (Penn) कंपनीची जुनी ‘सिनेटर’ नावाची मासेमारीची रील, म्हणजे गळाचा तंगूस (नायलॉनची दोरी) गुंडाळायची चरखी, आज पवनीच्या आमच्या ओसरीवर उघडली. १९३२ साली फिलाडेल्फियात सुरू झालेल्या या कंपनीची ही रील चांगलीच जड आहे. पण सुरमई किंवा कुपा एका दमात शंभर हात तंगूस ओढून नेतो, तेव्हा हा जडपणाच कामी येतो, असे मामा म्हणतात. पितळी दात्यांवर खाऱ्या हवेचा हिरवट थर होता, दाते मात्र शाबूत होते. खरा दोष ड्रॅगच्या, म्हणजे मासा ओढू लागला की तंगूस ताण राखून सोडणाऱ्या ब्रेकच्या, चकत्यांत निघाला: त्या जुन्या वंगणाने चिकटल्यामुळे तंगूस सरळ सुटण्याऐवजी हिसके देत होता, आणि मोठा मासा नेमका अशा हिसक्यानेच तो तोडतो. एक बारीक स्प्रिंग उडून तणसाच्या ढिगात गेली, ती अजून सापडलेली नाही. वैनगंगेच्या रोहूसाठी हे यंत्र अवजडच ठरेल.