ई-थ्री लायगेज नेमकं करतं तरी काय?

प्रोटीनवर 'हे मोडीत काढा' अशी खूण म्हणून लागणाऱ्या युबिक्विटिनची ई-वन, ई-टू, ई-थ्री ही एन्झाइमांची साखळी बायोलॉजी घेतलेल्या बहुतेकांना पाठ असते. ७६ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रोटीन, ई-वन एटीपी खर्च करून त्याला ॲक्टिव्ह करतं, मग ते ई-टूच्या सिस्टीन या अमिनो आम्लावर जातं आणि शेवटी ई-थ्रीच्या मदतीने टार्गेट प्रोटीनच्या लायसिनवर बसतं, झालं, संपला विषय. पण आकृतीत ई-थ्रीच्या जागी नुसता एक गोल काढलेला असतो आणि मला ते फार खटकतं, कारण खरी मजा त्या गोलातच आहे. माणसात ई-वन २, ई-टू ४०च्या आसपास, आणि ई-थ्री तब्बल ६००च्या वर! कुठलं प्रोटीन कधी मोडीत काढायचं ते मुख्यतः इथेच ठरतं.

यातली बहुतेक रिंग प्रकारची. एन्झाइम म्हटलं की आपण लगेच ॲक्टिव्ह साइट शोधायला लागतो, पण रिंग डोमेनमध्ये तसं काही सापडतच नाही. झिंकचे दोन आयन, त्यांना धरून ठेवणारी सिस्टीन-हिस्टिडिन, बस. युबिक्विटिन या डोमेनला कोव्हॅलंट बॉन्डने कधी जोडलंही जात नाही. मग काम होतं कसं? ई-टूला लटकलेलं युबिक्विटिन एरवी इकडेतिकडे हलत असतं, रिंग त्याला ई-टूच्या अंगाशी घट्ट दाबून धरतं आणि दोघांना जोडणारा थायोएस्टर बॉन्ड अशा कोनात येतो की समोरच्या लायसिनला हल्ला करणं सोपं जातं. बऱ्याच रिंगमध्ये एक आर्जिनिन असतं, ते ई-टूलाही धरतं आणि युबिक्विटिनलाही, दोघांना एकदम. म्हणजे नुसतं नीट धरून ठेवण्यानेच रिॲक्शनचा वेग वाढतो, मला तरी हे अफाट वाटतं.

हेक्ट या दुसऱ्या प्रकाराचं तसं नाही, त्यांच्याकडे स्वतःचं सिस्टीन असतं आणि युबिक्विटिन आधी त्यावर येतं. पार्किनसारखी आरबीआर प्रकारची लायगेज दिसायला रिंगसारखी पण केमिस्ट्री हेक्टची.

आता माझी सगळ्यात आवडती, कलिनवाली लायगेज. २००२ मध्ये एससीएफ या कलिनवाल्या लायगेजचं स्ट्रक्चर आलं तेव्हा दिसलं की कलिन-१ हा लांबलचक ताठ दांडा आहे, एका टोकाला एसकेपी-१ आणि एफ-बॉक्स प्रोटीन, ते सबस्ट्रेट म्हणजे टार्गेट प्रोटीन पकडतं, दुसऱ्या टोकाला रिंगवालं आरबीएक्स-१ आणि त्यावर ई-टू. पण सबस्ट्रेट आणि ई-टू यांच्यात साधारण ५० अँगस्ट्रॉमची पोकळी! एवढ्या अंतरावरून युबिक्विटिन जाणार कसं? उत्तराचा मोठा भाग नेड-८ मध्ये निघाला. हे युबिक्विटिनचंच नातेवाईक प्रोटीन, ते कलिनच्या एका लायसिनवर बसलं की रिंगचा भाग जागेवरून सुटतो, लवचिक दोरीवर झुलल्यासारखा सबस्ट्रेटकडे वळू शकतो आणि लायगेज सुरू होतं. पुढे सीओपी-९ सिग्नलोसोम ते नेड-८ काढून टाकतं आणि लायगेज पुन्हा शांत. म्हणूनच नेड-८ला ॲक्टिव्ह करणाऱ्या एन्झाइमला अडवणारं पेव्होनेडिस्टॅट हे औषध कलिनची अख्खी फॅमिली एका झटक्यात थंड करतं.

सबस्ट्रेट ओळखण्यातला काटेकोरपणा पण बघण्यासारखा आहे. ऑक्सिजन पुरेसा असला की एचआयएफ-१ अल्फा या प्रोटीनच्या प्रोलिनवर एक हायड्रॉक्सिल लागतो, व्हीएचएल हे कलिनवाल्या लायगेजचं सबस्ट्रेट पकडणारं प्रोटीन तेवढ्या खुणेवर त्याला पकडतं आणि ते मोडलं जातं. हायड्रॉक्सिल नाही तर पकड जवळपास नाहीच.

आणि सेरेब्लॉन, हाही कलिनवाल्या एका लायगेजचा सबस्ट्रेट पकडणारा भाग. थॅलिडोमाइड हे औषध त्याला चिकटतं हे २०१० मध्ये कळलं, त्या औषधाने जन्मजात व्यंगं होऊन कित्येक दशकं उलटल्यावर. तीन ट्रिप्टोफॅननी बनलेल्या खिशात ते बसतं आणि सेरेब्लॉनच्या पृष्ठभागाची ओळखच बदलते, मग जी प्रोटीन्स त्याने एरवी धरली नसती ती, उदाहरणार्थ एसएएलएल-४, नष्ट व्हायला लागतात. त्याच पद्धतीने लेनालिडोमाइड हे औषध मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्ये आयकारोस हे प्रोटीन नष्ट करतं आणि पेशंटला फायदा होतो. उंदरावर मात्र हे चालत नाही. त्याच्या सेरेब्लॉनमध्ये एका ठिकाणी व्हॅलिनऐवजी आयसोल्युसिन आहे, फरक एका कार्बनचा, आणि तेवढ्यावरून सगळं अडतं.