टोस्टरला लाइन क्लिअर

रत्नागिरीतलं आमचं मंडळ म्हणजे छोट्या आगगाड्यांच्या वेडापायी जमलेली माणसं. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की तिचा हॉल मिळतो, आणि सगळे आपापले रूळ, डबे, प्लायवूडचे तुकडे घेऊन वार्षिक मेळाव्याला हजर होतात. मे महिनाच का, तर चाकरमानी गावी आलेले असतात, आणि पुढे पाऊस लागला की प्लाय फुगतं, रुळांचे सांधे वर येतात. इथल्या खाऱ्या हवेत लोखंडी रूळ टिकत नाहीत, निकेल सिल्व्हरचेच घ्या, हे नव्या सभासदाला पहिल्या चहाबरोबरच सांगितलं जातं. जांभ्याची भुकटी चाळून केलेल्या दरडी आणि काथ्याचं गवत यांवरही बरंच लिहिता येईल. पण मेळाव्याचा विषय निघाला की आम्हा सगळ्यांच्या तोंडी पहिल्यांदा येतो तो टोस्टर.

त्याचं मूळ डिझेल आणि विजेच्या भांडणात आहे. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली ती डिझेलवर. आमच्यातल्या निम्म्या लोकांचं बालपण त्या घरघराटात गेलेलं. पानवल नदीच्या उंच पुलावरून किंवा करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून इंजिन कधी बाहेर येतंय, याची वाट बघत बसणारी ही मंडळी. २०२२ मध्ये सगळ्या मार्गाचं विद्युतीकरण झालं आणि त्यांच्या घरात जणू सुतकच पडलं. त्यांचे म्होरके आबा. आबांना कुठूनसं कळलं, की अमेरिकेत अ‍ॅमट्रॅककडे एईएम-७ नावाची विजेची इंजिनं होती. स्वीडनच्या इंजिनावर बेतलेली, बुटकी, चौकोनी, चकचकीत. ती २०१६ मध्ये निवृत्त झाली, पण तोवर तिथले शौकीन त्यांना 'टोस्टर' म्हणत. झालं. त्या वर्षीच्या मेळाव्यात कुणी विजेच्या इंजिनाचं मॉडेल रुळावर ठेवलं रे ठेवलं, की आबा हॉलच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायचे, "आला तुमचा टोस्टर!"

पुढच्या वर्षी वायरमन भाऊ खराच टोस्टर घेऊन आला. घरातला, जुना. त्याच्या पोटावर पिवळी पट्टी आणि काळ्या अक्षरात 'डब्ल्यूएपी-२'. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज, हे रेल्वेच्या इंजिनांच्या नावांतलंच. पी म्हणजे मात्र पॅसेंजर नव्हे, पाव. आणि दोन म्हणजे दोन स्लाइस. भाऊने तो रीतसर स्पर्धेच्या टेबलावर मांडला, फॉर्म भरला, दहा रुपये प्रवेश फीसुद्धा दिली.

आता परीक्षक होते मास्तर, म्हणजे निवृत्त स्टेशन मास्तर. त्यांनी हसावं की नाही? छे. खिशातून पट्टी काढली, चष्मा पुसला आणि टोस्टर मोजायला घेतला. आमची मॉडेलं एचओ स्केलची, म्हणजे एकास सत्त्याऐंशी. टोस्टरची लांबी भरली २७ सेंटीमीटर. गुणिले ८७ म्हणजे साधारण साडेतेवीस मीटर. "हे इंजिन नाही," मास्तर म्हणाले. "ही एलएचबी, म्हणजे नव्या धाटणीच्या डब्याची लांबी आहे. पॅन्ट्री कार म्हणून नोंद करा." मग रुंदी मोजली. १५ सेंटीमीटर, म्हणजे १३ मीटर. आपल्याकडचा डबा जेमतेम सव्वातीन मीटर रुंद असतो. मास्तरांनी फॉर्मवर लाल शाईनं लिहिलं: 'ओडीसी. विशेष परवानगीशिवाय करबुडे बोगद्यात प्रवेश नाही.' रेल्वेत मापाबाहेरच्या मालाला ओडीसीच म्हणतात, हे ज्यांना ठाऊक होतं ते खुर्चीवरून पडायचे बाकी होते.

आमच्याकडे मॉडेलवरचे खिळेसुद्धा मोजून चूक काढणारे पुष्कळ. रुळांमधलं अंतर १६.५ मिलीमीटर असतं, ते परदेशी गाड्यांना बरोबर, पण आपल्या १६७६ मिलीमीटरच्या ब्रॉडगेजला हिशेबानं १९ च्या वर हवं, यावर दर वर्षी तासभर भांडण ठरलेलं. एरवी मला त्याचा कंटाळा येतो. पण तीच माणसं तितक्याच पोटतिडकीनं टोस्टरवर घसरली तेव्हा मी वही काढून बसलो. एकाचं म्हणणं, करपलेली कड म्हणजे वेदरिंग, मॉडेल वापरून जुनं झाल्यासारखं रंगवणं, पण हातानं केलेलं नाही, सबब गुण कापा. दुसरा म्हणाला, कणकेचा ब्राऊन ब्रेड हा जुन्या रंगातला रेक, म्हणजे डब्यांची माळ आहे, नव्या रंगसंगतीत चालणार नाही. उडून टेबलाखाली गेलेल्या स्लाइसचा पंचनामा झाला: 'रुळावरून घसरला, जीवितहानी नाही, कुत्र्याने मदतकार्य केले.'

या सगळ्यांवर कडी केली नाश्त्याचं बघणाऱ्या काकूंनी. त्यांचे यजमान मंडळात. त्यांना स्वतःला गाड्यांचं काही कौतुक नाही, असं त्या म्हणतात. मेळाव्याचे घावणे त्यांचे असतात. त्या वर्षी मात्र स्पर्धेतला टोस्टरच नाश्त्याला लावायचं ठरलं, आणि लगेच त्याच्या एका खाचेतली तार जळाली. रांग लागली. आबा पुढे येऊन कुरकुरायला लागले, तशा काकू म्हणाल्या, "अहो, सिंगल लाइन वर्किंग चालू आहे. कोकण रेल्वेवर राहता ना? क्रॉसिंगला थांबायची सवय नाही होय तुम्हाला?" आणि वर, "अप आल्याशिवाय डाऊन सोडता येत नाही!" मास्तरांनी उठून त्यांना हात जोडले. उभ्या आयुष्यात अप खरोखर वर येताना आणि डाऊन खरोखर खाली जाताना आपण आजच पाहिलं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून मेळाव्यात चहा मागायचा तर 'लाइन क्लिअर आहे का' असं विचारावं लागतं, आणि दूध संपलं की 'पावसाळी वेळापत्रक लागू' अशी पाटी लागते.

विजेचा घोटाळाही त्याच दिवशीचा. आमच्या रुळांत बारा व्होल्ट खेळतात आणि टोस्टर खातो सातआठशे वॅट. दोन्ही एकाच लांबलचक वायरवर लावलेले. खटका दाबला की दिवे मंद व्हायचे आणि गाड्या चढावर रेंगाळायच्या. भाऊ म्हणाला, "जड गाडीला बँकर लावा, मागून ढकलायला जादा इंजिन."

पण खरी मजा आली ती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या एका पोरीनं आबांना घेरलं तेव्हा. तिनं विचारलं, "आबा, तुमचं डिझेलचं डब्ल्यूडीजी-४ उतारावर डायनॅमिक ब्रेक लावतं, तेव्हा मोटरी जनरेटरसारख्या चालतात. ती वीज जाते कुठे?" आबांना ठाऊक होतंच. इंजिनावरच्या रोधकांच्या जाळ्यांत जाते, त्या तापतात, पंख्यानं ती उष्णता बाहेर फेकली जाते. "आणि विजेचं डब्ल्यूएपी-७ काय करतं?" ते ती वीज तारेत परत पाठवतं. "मग टोस्टर कोण?"

हॉलमध्ये जो काही गलका झाला! आबा गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी शांतपणे उरलेल्या पावाचं पाकीट उचललं, पोरीपुढे धरलं आणि म्हणाले, "असं आहे तर दिवाणखवटीच्या उतारावर जाऊन भाजून आण." पुढच्या मेळाव्याला मात्र त्यांनी स्वतःच्या डिझेल मॉडेलच्या टपावर अंगठ्याच्या नखाएवढे, रंगवलेल्या पुठ्ठ्याचे दोन पाव चिकटवून आणले. मास्तरांनी त्या पावांनाही पट्टी लावली आणि स्केलमध्ये मोठे झालेत म्हणून अर्धा गुण कापला.

यंदा भाऊ सँडविच टोस्टर आणतोय. वरचं झाकण खाली येतं, म्हणजे ते इंजिन नाहीच, फाटक आहे, असं खिळेवाल्यांचं मत. काकूंनी निरोप धाडलाय, की फाटक असेल तर गेटमन कोण ते आधी ठरवा, चटणीचं मी बघते.