निळूभाऊ इतके वाईट कसे दिसायचे?

जुन्या मराठी सिनेमांचा विषय निघाला की कुणीतरी मला हे विचारतंच. अभिनेते निळू फुले म्हणजे राष्ट्र सेवा दल या समाजवादी संघटनेतले, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात पुढे असलेले, साधे गृहस्थ. मग ज्यांना पाहून बायका बोटं मोडायच्या, असा नीच माणूस त्यांनी पडद्यावर उभा केला तरी कसा? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

माझ्या मते, ते सेवा दलातले होते म्हणूनच त्यांना हे साधलं.

सिनेमात येण्याआधी ते पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात काम करत. कलापथक गावोगाव जायचं. वगातून पुढाऱ्यांची, सावकारांची टर उडवायची, आणि ते पाहायला त्याच पुढाऱ्यांच्या हाताखाली राबणारी माणसं बसलेली. सत्ता गावात कशी चालते, कोण कुणासमोर उभं राहतं आणि कोण बसून राहतं, हे निळूभाऊंनी खालच्या बाजूने पाहिलं होतं. पुढे ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचं नाव झालं आणि अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’मध्ये, १९६८ साली, त्यांचा झेलेअण्णा पडद्यावर आला.

त्यांचा खलनायक ओरडत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? त्याला ओरडायची गरजच नसते. आजवर त्याला कुणी नाही म्हटलेलंच नसतं. घोगरा, खालच्या पट्टीतला आवाज, तिरकी नजर, बोलताबोलता मध्येच घेतलेला विसावा. समोरच्याने थांबायचं, घाई यांना नाही. हा निवांतपणाच मला कुठल्याही मारामारीपेक्षा जास्त भीती घालतो.

आणि ‘सामना’! १९७५चा हा सिनेमा, दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखन विजय तेंडुलकरांचं. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट. सहकाराच्या जोरावर मोठा झालेला, उमदा, पाहुणचार करणारा, दारुड्या मास्तरावर मनापासून लोभ असलेला. मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. ते एकच प्रश्न धरून बसतात, गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं? तो प्रश्न जसजसा फिरून येतो तसतसा निळूभाऊंचा चेहरा बघा. राग आहे, पण त्याच्याखाली धास्ती आहे, आणि आपल्या आवडत्या माणसाने आपल्याला ओळखलं याचं दुःखही. खलनायकाला इतकं माणूसपण दिल्यावर त्याचा गुन्हा हलका होत नाही, उलट तो आपल्या ओळखीच्या माणसाने केल्यासारखा वाटतो. मराठी पडद्यावर याच्या तोडीचं काम फार थोडं आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

रंगभूमीवर त्यांनी १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ केलं. टाकून दिलेल्या बायका घरात आणून ठेवणारा सखाराम. नाटकावर बंदी आली, कोर्टकचेरी झाली. हिंदीत मात्र त्यांच्या वाट्याला बहुतेक छोटी कामं आली. त्यात ‘सारांश’मधला पुढारी गजानन चित्रे लक्षात राहतो. गावच्या पाटलाचा तो शहरी भाऊच.

एक गोष्ट मला फार लागते. पाटील, सरपंच, चेअरमन या ठरलेल्या साच्यात निर्मात्यांनी त्यांना वर्षानुवर्षं फिरवलं. कथा कच्ची, संवाद ढोबळ, आणि सगळा भार निळूभाऊंच्या नजरेवर. नकला करणाऱ्यांनीही तेवढंच उचललं आणि पुढच्या पिढीला निळू फुले म्हणजे तेवढंच, असं वाटू लागलं.

पडद्याबाहेरचा माणूस मात्र चळवळीतच राहिला. सामाजिक कामाला वाहून घेतलेल्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. डॉ. लागूंसोबत निळूभाऊही त्यात होते, आणि निधीसाठी या मंडळींनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. सामनातले पाटील आणि मास्तर एकाच कामासाठी झटत होते, ही गोष्ट मला फार आवडते. १३ जुलै २००९ रोजी निळूभाऊ गेले.

आता पाहायचंच असेल तर आधी ‘सामना’ पाहा आणि लगेच ‘सिंहासन’ हा सिनेमा लावा. तिथे ते पत्रकार दिगू टिपणीस आहेत. राजकारणाचा सगळा खेळ जवळून पाहणारा, हातात काहीच नसलेला माणूस. ज्या डोळ्यांनी हिंदुराव माणसं तोलतो, त्याच डोळ्यांत इथे नुसती हतबलता आहे.