जीए-०३ म्हणजे आपली म्हापसा

आज म्हापशाहून पणजीला जाताना पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि मागे बसलेला भाचा पुढच्या गाड्यांचे नंबर वाचत बसला, मामा ०३ म्हणजे काय ०७ म्हणजे काय, मग मीच सुरू झालो. जीए म्हणजे गोवा, पुढचा आकडा गाडी कुठल्या आरटीओत नोंदवली त्याचा. ०१ आणि ०७ पणजी, ०२ आणि ०८ मडगाव, ०३ आपली म्हापसा, ०४ डिचोली, ०५ फोंडा, ०६ वास्को. शेवटचे चार आकडे ९९९९ झाले की त्यांच्या आधीचं अक्षर पुढं सरकतं, ए नंतर बी, पण आय आणि ओ घेत नाहीत कारण १ आणि ० सारखे दिसतात. हे ऐकून तो एवढा खूश झाला ना, पुढचा अर्धा तास आय शोधत होता!

एमएच-०७ दिसली की सिंधुदुर्ग, केए-३० म्हणजे कारवार. काळ्या प्लेटवर पिवळे आकडे म्हणजे भाड्याची, टुरिस्ट स्वतः चालवतो ती, तिला जरा जागा देऊनच चालवतो मी.

बाबांच्या स्कूटरवर जीडीनं सुरू होणारा नंबर होता, गोवा दमण दीव एकत्र होते तेव्हाचा. तो अजून तोंडपाठ आहे मला.