चेहऱ्याला काय लावता, असं विचारलंत म्हणून

'मॅडम, खरं सांगा, चेहऱ्याला काय लावता?' हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये येतो, भिशीत येतो, सोलापूरच्या नवी पेठेत साड्या बघताना येतो. परवा रूपाभवानीच्या दर्शनाच्या रांगेतसुद्धा आला. विचारणारीला एका ट्यूबचं नाव हवं असतं. मी म्हणते, सनस्क्रीन. तिचं तोंड एवढंसं होतं. 'ते तर आम्ही पण लावतो हो!' आणि मग जरा आवाज खाली घेऊन, 'नसेल सांगायचं तर राहू द्या.'

म्हणून एकदाच सगळं सांगून टाकते. यातलं निम्मं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तेव्हा तुमचा संशय अगदीच खोटा नव्हता.

वय ५१. ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. हा विषय मुद्दाम सांगतेय, पुढे माझ्याच अंगावर येणार आहे.

आधी बाबांचा उजवा गाल. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, सगळी नोकरी स्टिअरिंगवर गेली. त्यांचा उजवा गाल डाव्यापेक्षा दहा वर्षांनी म्हातारा होता. नांगरल्यासारख्या रेघा, आणि कानाजवळ कातडी जाड, खडबडीत. आम्हा भावंडांना वाटायचं, त्याच कुशीवर झोपतात म्हणून. पुढे २०१२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेला ट्रक ड्रायव्हरचा फोटो पाहिला. २८ वर्षं ट्रक चालवलेला माणूस, आणि त्याची डावी बाजू अशीच लोंबलेली. तिकडं स्टिअरिंग डावीकडं असतं. खिडकीच्या काचेतून उन्हातले यूव्हीए, म्हणजे एका जातीचे अतिनील किरण आत येतात, कातडीत खोलवर जाऊन तिला घट्ट धरणारं कोलॅजन हे प्रथिन तोडतात, आणि भाजल्याची जाणीवही होत नाही. बाबांच्या खिडकीला तर काचही नसायची, ती कायम सरकवलेली.

हे कळूनही मी कित्येक वर्षं विजापूर रोडवरून उघड्या तोंडानं स्कूटी चालवली. स्कार्फ म्हणजे कॉलेजच्या पोरींचं काम, असं डोक्यात होतं. सोलापूरचं ऊन आपण उकाड्यावरून मोजतो, मेमध्ये पारा ४३ वर गेला की ऊन वाढलं म्हणतो. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत जानेवारीत अक्षता सोहळ्याला तासन्‌तास उभं राहतो तेव्हा हवा गार असते, म्हणून ते ऊन आपल्या हिशेबातच येत नाही. किरण येतच असतात.

४७व्या वर्षी पाळी गेली आणि चेहरा सुटला. पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं साधारण ३० टक्के कोलॅजन जातं, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं कळत होतं की भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या कायमच्या बसल्यात आणि मी शांतपणे फळ्यावर समीकरण लिहून वळले तरी पहिल्या बाकावरून विचारणा होते, 'मॅडम, चिडलात का?'

त्याच सुमारास नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. सात महिने हातात होते. नणंद म्हणाली, 'वहिनी, ही ट्यूब लावा. माझं वांग महिन्यात गेलं.' तिला ती डॉक्टरांनी वांगासाठी दिली होती, सहा आठवड्यांपुरती. तिनं सहा आठवडे लावली आणि सोडली. मी सात महिने लावली.

आता लोक म्हणतात, अहो वाचायचं तरी ट्यूबवर! नणंदेला अजून वाटतं मी वाचलं नव्हतं, आणि मीही तिला तसंच वाटू दिलंय. मी वाचलं होतं. हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्का. मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड, हे मला त्या क्षणी माहीत होतं. पण नजर अडकली ट्रेटिनॉइनवर. सुरकुत्यांवर चालतं असं खरोखर सिद्ध झालेलं औषध, १९८० च्या दशकापासून त्यावर काम झालेलं. मी स्वतःला सांगितलं, तेवढ्यासाठी लावायचं. बाकीचे दोन घटक फुकट मिळालेत.

तेव्हाच्या मला मी आज विचारते, बाई, तू मुलांना सांगतेस ना, मिश्रणातला एक घटक निवडून वापरता येत नाही? ती म्हणते, तिसऱ्या आठवड्यातला आरसा आठव. आणि खरंच, तिसऱ्या आठवड्यात चेहरा असा काही उजळला की बोलायची सोय नाही. भिशीत चौघींनी विचारलं. हा प्रश्न तुम्ही विचारायला लागलात तो तेव्हापासूनच, लक्षात आहे का? मी 'काही नाही, बेसन-हळद' म्हणाले होते. मेडिकलवाल्यानं कधी चिठ्ठी मागितली नाही. मला बघून तो ट्यूब काढून ठेवायचा, जशी दूध पिशवी ठेवतात तशी.

लग्नाच्या दोन आठवडे आधी ट्यूब संपली. धावपळीत नवी आणली नाही. चौथ्या दिवशी चेहरा तापला. ताप म्हणजे अंगात ताप नाही, गालांवर तव्याची धग. मग लाल चट्टे, हनुवटीवर पुळ्या, आणि वरून साधं पाणी मारलं तरी चटका. मी परत ट्यूब आणून लावली. दोन दिवस थांबलं, मग दुप्पट भडकलं.

लग्नाच्या सकाळी मंगल कार्यालयातल्या त्या खोलीत मेकअपवाली पोरगी आली. बावीस-तेवीसची असेल. नवरीचं आटोपून माझ्याकडं वळली, 'मामी, बसा.' तिनं ओला स्पंज गालाला लावला आणि मी खुर्चीतून उठलेच. स्पंजला फाउंडेशनबरोबर माझ्या कातडीची पातळ साल लागून आली होती, उकडलेल्या बटाट्याची निघते तशी. तिनं ती बघितली. मी पण बघितली. खोलीत नवरीच्या मैत्रिणी गजरे वाटत होत्या. त्या पोरीनं स्पंज डब्यात ठेवला, माझा चेहरा हनुवटीला धरून खिडकीकडं वळवला आणि हळूच विचारलं, 'किती दिवस लावताय?' काय, ते तिनं विचारलं नाही. मी म्हटलं, सात महिने. 'माझी आई दोन वर्षं लावत होती,' ती म्हणाली. मग तिनं फक्त गार पाण्याचा रुमाल दिला आणि नणंदेला सांगितलं, मामींना उन्हाचा त्रास झालाय.

मंगलाष्टकांच्या वेळी हे भाचीच्या मागं मामा म्हणून उभे होते. मी भांडार खोलीत, बुंदीच्या लाडवांच्या परातींशेजारी बसून होते. अल्बममध्ये मी एकाही फोटोत नाही. नणंदेनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी तिच्यावरच ओरडले, तुझीच ट्यूब म्हणून. ती काही बोलली नाही. तिच्या मुलीची पाठवणी व्हायची होती त्या संध्याकाळी.

डॉक्टर शांत बाई होत्या. या दुखण्याला इंग्रजीत वेगळं नावच आहे, म्हणजे स्टिरॉइडनं बिघडलेला चेहरा. त्यांच्याकडं असे पेशंट रोज येतात. स्टिरॉइडनं रक्तवाहिन्या आकसतात म्हणून चेहरा गोरा दिसतो, आतून मात्र कातडी पातळ होत जाते. म्हणजे सुरकुत्या घालवायला मी सात महिने नेमकं उलटं औषध चोळलं. बरं व्हायला वर्षभर गेलं. नाकाशेजारच्या बारीक लाल शिरा अजून आहेत, जवळून बघा.

वर्षानंतर त्यांनीच निव्वळ ट्रेटिनॉइन लिहून दिलं. मला हसू आलं, त्यांना नाही. आठवड्यातून दोन रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. पहिला दीड महिना साली निघाल्या, आणि मी घाबरून तीनदा फोन केला. फरक दिसायला सहा महिने लागले. डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेघा पुसट झाल्या, खोल होत्या त्या तिथंच आहेत. ज्यांच्या घरी पाळणा हलायचा आहे त्यांनी याच्या वाटेलाही जाऊ नये.

आणि सनस्क्रीन. तुम्ही 'लावतो' म्हणता ते मी पाहिलंय, नखाएवढं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या लांबीभर रेघ ओढा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. सकाळी लावलेलं दुपारी उरत नाही, म्हणून साडेबाराला लॅबमध्ये बेसिनजवळ मी परत लावते आणि मुलं हसतात. ऑस्ट्रेलियात साडेचार वर्षं लोकांना दोन गटांत ठेवून बघितलं, रोज लावणाऱ्यांची कातडी २४ टक्के कमी म्हातारी झाली. २०१३ सालचा अभ्यास आहे. हे सांगितलं की तुम्ही जांभई देता.

कोलॅजनची पावडर मी घेत नाही. पोटात गेल्यावर ते प्रथिन वरणातल्या प्रथिनासारखंच फुटतं, ते नेमकं गालावर जाऊन बसेल याची हमी कोण देणार? लिंबू मात्र कृपा करून चोळू नका. ते आम्ल आहे, आणि लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की काळे डाग उठतात.

आता राहिलेलं निम्मं.

भुवयांमधल्या आठ्या ट्रेटिनॉइननं गेलेल्या नाहीत. त्या स्नायूच्या घड्या आहेत, मलमाला दाद देत नाहीत. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हुतात्मा एक्सप्रेस पकडून मी पुण्याला गेले आणि बोटॉक्स घेतलं. सोलापुरात होत नाही अशातला भाग नाही. सात रस्त्यावर दवाखान्याच्या पायऱ्या चढताना कुणीतरी विद्यार्थ्याची आई भेटणारच, म्हणून पुणे. घरी सांगितलं, मैत्रिणीकडं जातेय. पाच सुया, दहा मिनिटं. जुन्या हवाबंद डब्यातल्या सडलेल्या अन्नात जो जंतू वाढतो त्याचंच हे विष, अगदी थेंबाचा थेंब. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवतं. स्टिरॉइडनं पोळलेली बाई विष टोचून घ्यायला पुण्याला गेली, हे मला दिसत नव्हतं असं समजू नका. पण यावेळी काय घेतेय, किती घेतेय, ते देणाऱ्याला विचारलं होतं. हा बचाव पुरतो का? कधी वाटतं पुरतो.

पंधरा दिवसांत आठ्या सपाट झाल्या. कॉलेज उघडलं, प्रॅक्टिकलला एका मुलीनं ब्युरेट फोडली, वर हसली. मी चांगलीच रागावले. सगळी लॅब गप्प होईल असं वाटलं होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, 'मॅडम, तुम्ही खरंच चिडलाय की गंमत करताय?'

असर तीन-चार महिने टिकतो. आता चौथा सरत आलाय, उजवी आठी आधी जागी झालीय. तिकीट काढायचं की नाही ते ठरत नाहीये, त्यामुळे पुढच्या वेळी भेटलात तर तेही विचारू नका. काल बारावीच्या वर्गात फळ्याकडून वळले, तर पहिल्या बाकावरून आवाज आला, 'मॅडम, चिडलात का?'

मी चिडले नव्हते.