स्टेजची भीती आणि न येणारा नंबर

भाषण शिकवणाऱ्या क्लासची फी भरताना तिथल्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, पहिल्याच रविवारी तुम्हाला माईकवर उभं करतो." प्रत्यक्षात बॅच संपत आली तरी माईक माझ्या हातात आला नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मशीनपाशी दोघातिघांना काही समजावायचं असेल तर जीभ अडखळत नाही. पण समोर खुर्च्या मांडल्या, माणसं बसली आणि कुणी आपलं नाव पुकारलं की पोटात गोळा येतो, घसा कोरडा पडतो. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. त्या आठवड्यात कंपनीत कार्यक्रम होतात आणि प्रत्येक विभागातून कुणीतरी बोलतं. यंदा साहेबांनी माझं नाव थेट यादीत टाकलं, म्हणून शहरातला हा क्लास लावला. नाव घेत नाही.

तिथे काय व्हायचं ते सांगते. दोन तासांपैकी पहिला तास सर बोलायचे. विवेकानंदांचं 1893 चं शिकागोचं भाषण, तोंडात खडे धरून सराव करणारा प्राचीन ग्रीक वक्ता डेमोस्थेनिस, असं सगळं. बोलायचे छान, आम्ही टाळ्या वाजवायचो. मग एक फॉर्म भरायचा, 'तुमची भीती दहापैकी किती?' मग जुन्या बॅचचा एखादा मुलगा, ज्याला मुळातच भीती नाही, तो डेमो म्हणून बोलायचा. घड्याळाकडे बघून सर म्हणायचे, "उरलेल्यांचा नंबर पुढच्या रविवारी."

हा पुढचा रविवार माणसाचं काय करतो, ते त्या सरांना खरंच ठाऊक नसावं. सोमवारपासून विषय डोक्यात घोळायचा. शुक्रवारी जेवण जायचं नाही. रविवारी सकाळी भांडी घासताना पहिलं वाक्य पुटपुटत असायचे. तिथे जाऊन बसायचं, छातीत धडधड, आणि नंबर यायचाच नाही. मग जो सुटकेचा श्वास यायचा, तोच घातक. टळलं की बरं वाटतं, आणि बरं वाटलं की मन शिकतं की टळणंच चांगलं. भीतीवर उपचार करणारे हेच सांगतात: टाळाटाळ भीतीला खतपाणी घालते.

माझ्या शेजारी पंचवटीच्या एक मावशी बसायच्या, बचत गटाच्या अध्यक्षा. त्यांना तालुक्याच्या मेळाव्यात गटाबद्दल बोलायचं होतं. वहीचा कागद फाडून त्यावर मोठ्या अक्षरात लिहून आणायच्या आणि नंबर लागला नाही की चार घड्या घालून बटव्यात ठेवायच्या. घडीच्या रेषेवर कागद फाटायला आला होता. एका रविवारी त्या आल्याच नाहीत. मी फोन केला तर म्हणाल्या, "जाऊ दे गं बाई, आपल्याला नाही जमायचं." फी त्यांनी गटाच्या पैशातून नव्हे, स्वतःच्या भरली होती.

त्या दिवशी मी उठून म्हणाले, "सर, आज मला बोलायचंय." उत्तर आलं, "मॅडम, तुमची अजून तयारी झालेली नाही. घाई केली तर भीती पक्की बसते." हे वाक्य मी विसरणार नाही. तयारी बोलूनच होते, बसून ऐकून होत नाही. फी परत मागितली तर पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवली आणि पुढच्या बॅचला मोफत बसायची सवलत देऊ केली. म्हणजे पुन्हा तेच, नुसतं बसणं.

खरा उपाय कारखान्यातच होता. शिफ्ट सुरू होण्याआधी आमच्याकडे टूलबॉक्स टॉक होतो: सगळे उभे, पाचेक मिनिटं सुरक्षेचा एकच मुद्दा, माईक नाही, स्टेज नाही. सुपरवायझरना म्हटलं, आठवड्यातून एकदा मला द्या. ते लगेच हो म्हणाले. ग्राइंडरचं गार्ड, सेफ्टी शूज, मशीन दुरुस्तीला घेताना मेन स्विचला कुलूप लावणं, हे रोजचेच विषय. शब्द आपोआप यायला लागले.

शिवाय सिडकोत एका सहकाऱ्याच्या गच्चीवर आम्ही काहीजण जमायला लागलो. पद्धत टोस्टमास्टर्सची घेतली. 1924 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली, भाषणाचा सराव करून घेणारी ही संस्था, तिचा गाभा साधा आहे: प्रत्येकाने बोलायचं, आणि वेळ पाळायची. आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर एक ते दोन मिनिटं, एकजण घड्याळ धरतो, एकजण 'अं...' मोजतो, आणि बोलून झालं की काय चांगलं झालं ते कुणीतरी सांगतो. मावशींना मी आग्रहाने तिथे बोलावलं आणि पहिली पाळी त्यांना दिली.

4 मार्चला मी बोलले. पाय थरथरत होते, पण बोलले, आणि मला त्याचा अभिमान आहे. मुलीने नंतर व्हिडिओ पाहिला, त्यात थरथर दिसतच नाही. सॅवित्स्की आणि गिलोविच या संशोधकांनी 2003 साली हेच दाखवलं: आपली घबराट आपल्याला वाटते तेवढी समोरच्यांना दिसत नाही, आणि बोलणाऱ्याला हे आधी सांगितलं तर तो जास्त चांगला बोलतो. क्लासमध्ये हे एकदाही सांगितलं नव्हतं.

आणखी आठवलं ते सांगते. पातळ कागद हातात धरू नका, हात थोडा हलला तरी तो जास्त फडफडतो. लग्नपत्रिकेसारखं जाड कार्ड घ्या आणि त्यावर फक्त मुद्दे लिहा. पाठ करायची ती पहिली दोन वाक्यं, अख्खं भाषण नाही, कारण पाठ केलेलं एक वाक्य निसटलं की पुढचं सगळं जातं. हॉल रिकामा असताना एकदा स्टेजवर जाऊन उभं राहा. नाव पुकारायच्या आधी श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. धडधड कमी करायची गोळी कुणी सुचवली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, दमा असलेल्यांना ती घातक ठरू शकते.

आणि क्लास लावायचाच असेल तर पैसे देण्याआधी एक रविवार मागच्या खुर्चीवर बसू द्या म्हणावं. किती विद्यार्थी उभे राहून बोलले ते मोजा. बसू देत नसतील तर तिथूनच परत फिरा.